बाटलीतली दुसरी पुडी

१

"चोरी झाली आहे," अध्यक्ष म्हणाले, "पण गेलेलं काहीच नाही. उलट जिथे असायला नको तिथे माल सापडलाय."

उमेदीची सगळी वर्षं मी पोलिसांच्या अफरातफर शाखेत काढली. गेलेला माल शोधायची मला सवय होती. नको तिथे आलेल्या मालाचा छडा लावायला मात्र मला पहिल्यांदाच कोणी बोलावलं होतं, म्हणून मी चहाचा कप बाजूला ठेवला आणि नीट सरसावून बसले.

माल म्हणजे एक गोळी होती. एचआयव्हीवरचं नवं औषध, अजून बाजारात न आलेलं. या आजारावर जुनी औषधं आहेत आणि चांगली आहेत. रोज नेमाने घेतली तर माणूस नातवंडं बघतो. पण काही थोड्या लोकांच्या अंगातला विषाणू सगळ्या औषधांना पुरून उरतो. एकेक औषध निकामी होत जातं आणि शेवटी डॉक्टरकडे लिहून द्यायला काही उरत नाही. ही गोळी त्या लोकांसाठी होती. तिच्यानंतर त्यांच्यासाठी दुसरी कोणतीच गोळी नव्हती.

तिची चाचणी वर्षभर एका दवाखान्यात चालू होती. सगळ्यांची जुनी औषधं तशीच सुरू ठेवायची, आणि वर निम्म्यांना ही खरी गोळी, निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली पोकळ गोळी. कोणाच्या वाट्याला काय आलंय हे रुग्णाला ठाऊक नाही, डॉक्टरला नाही आणि हातात बाटली देणाऱ्यालाही नाही. बाटलीवर फक्त क्रमांक असतो. कोणता क्रमांक खरा, हे फक्त अध्यक्षांच्या कार्यालयात ठाऊक.

"एवढा लपंडाव कशाला?" मी विचारलं.

"कारण औषध मिळालंय म्हटल्यावर माणसं मनानेच बरी व्हायला लागतात. आणि डॉक्टर त्यांना मनानेच बरं ठरवतात." अध्यक्ष संख्याशास्त्राचे होते. माणसांच्या मनाबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं.

त्यांनी माझ्यापुढे दोन कागद सरकवले. दवाखान्यात रुग्णांच्या दोन तुकड्या होत्या, सकाळची आणि दुपारची. मध्येच एकदा सगळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा दुपारच्या तुकडीत सगळं जिथल्या तिथे होतं. खरी गोळी मिळालेल्यांच्या रक्तात औषध होतं, पोकळवाल्यांच्या रक्तात नव्हतं. सकाळच्या तुकडीत मात्र ज्यांना पोकळ गोळी दिली होती, त्यांच्याही रक्तात औषध सापडलं.

"आकड्यांचा पार विचका झालाय," अध्यक्ष म्हणाले. "दोन्ही तुकड्या एकत्र धरल्या तर औषध जेमतेम चालतंय असं दिसतं. सोमवारी चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या आमच्या समितीची बैठक आहे. निम्मे सदस्य हे औषध कायमचं बंद करायच्या तयारीत आहेत. हा उद्योग कोणी केला ते तोपर्यंत कळलं, तर मला काहीतरी बोलता येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेले तेव्हा बातमी माझ्या आधी पोचली होती. बाहेरच्या बाकावर एक अगदी वाळलेली बाई कोणाच्या तरी सदऱ्याला काज करत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"तुम्ही चौकशीच्या बाई ना?" ती म्हणाली. "माझी सगळी औषधं करून झालीत. ही गोळी बंद झाली की मला कुठे पाठवणार, तेवढं आधी विचारून ठेवा."

२

तिला सगळे टेलरकाकू म्हणत. दवाखान्यामागच्या गल्लीत तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. मी तिला काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं आणि सरळ औषधाच्या खिडकीकडे गेले, कारण माझ्या अनुभवात मालाची गडबड बहुतेक वेळा कोठारातच होते.

खिडकीमागच्या फार्मासिस्टला दवाखान्यात 'कुलूप' म्हणत. त्याच्या कपाटाला कुलूप, खणाला कुलूप, आणि माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, जेवणाच्या डब्याच्या पिशवीलाही कुलूप. असा माणूस एकतर अतिशय प्रामाणिक असतो किंवा अतिशय पोचलेला.

"माझ्यावर संशय आहे ना? असू दे," तो म्हणाला. "मी असतो तुमच्या जागी तर मलाही माझाच आला असता."

"बाटली कोण उघडतं?"

"मी नाही. झाकणाखाली पत्र्यासारखा कागद चिकटवलेला असतो. तो शाबूत आहे हे रुग्णाला दाखवायचं, मगच बाटली हातात द्यायची. पुढच्या खेपेला जुनी बाटली परत आणायची. उरलेल्या गोळ्या मी मोजतो."

"हिशेब बरोबर लागतो?"

"सकाळच्यांचा चोख. कधी एक गोळी इकडची तिकडे नाही. दुपारचे म्हणजे आनंदीआनंद. एकाने दोन दिवस विसरलेलं, दुसऱ्याच्या गोळ्या मोरीत सांडलेल्या." मग त्याचा आवाज चढला. "पण मॅडम, तुम्ही इथे वेळ घालवण्यापेक्षा कंपनीच्या पॅकिंगवाल्यांना धरा. दोनदा तक्रार केली मी. कोणी दाद देत नाही."

त्याने एका कपाटाची दोन कुलपं काढली. परत आलेल्या बाटल्या आत ओळीने लावलेल्या होत्या. ओल धरू नये म्हणून औषधाच्या बाटलीत एक छोटी पांढरी पुडी टाकलेली असते, तुम्हीही पाहिली असेल. कुलुपाने एक बाटली उपडी केली. दोन पुड्या बाहेर आल्या. दुसऱ्या बाटलीत एकही नव्हती. तिसरीत पुन्हा दोन.

"बघा. डोळे मिटून भरतात की काय कोणास ठाऊक."

"या सगळ्या सकाळच्या तुकडीच्या?"

"हो."

"आणि दुपारच्या?"

हा प्रश्न त्याला पडलेला नव्हता. खालच्या फळीवरच्या बाटल्या त्याने एकामागून एक उपड्या केल्या. प्रत्येकीत एक पुडी होती, ना कमी ना जास्त.

"एकाच कारखान्यातून येतात ना दोन्ही?" मी विचारलं.

"एकाच खोक्यातून," कुलूप म्हणाला. त्याने सवयीने कपाटाला एक कुलूप लावलं आणि दुसरं हातात धरून तसाच उभा राहिला.

३

सकाळच्या तुकडीचं रक्त काढायचं काम सिस्टरचं होतं. पन्नाशीची, गोल चेहऱ्याची, बोलायला मोकळी. तिच्याशी बोलताना मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही.

"औषधाचा त्रास म्हणाल तर विशेष काही नाही हो. स्वप्नं पडतात. एकदम रंगीत. एकाच्या स्वप्नात त्याची सासू हत्तीवर बसून बँकेत आली होती. इथे बसले की सगळे तेच सांगत असतात. पोट धरून हसतो आम्ही."

"सगळ्यांना पडतात?"

"आधी काहींनाच पडायची. पहिला एक महिना. बाकीचे तोंड बघत बसायचे. आता सगळ्यांनाच पडतात, पण तितकी भडक नाहीत. अगदी टेलरकाकूसुद्धा परवा म्हणाल्या, निळी म्हैस दिसली."

"आणि दुपारच्यांना?"

"त्यांचं अजून तसंच. काहींना पडतात, काहींना नाही."

हे तिने इतक्या सहज सांगितलं की त्याचा अर्थ तिच्या लक्षात आलेला नव्हता, हे उघड होतं. किंवा तसं दाखवण्यात ती तरबेज होती. तेवढ्यात तुकडीतला एक उंच, काळासावळा माणूस दंडावरचा कापूस दाबत बाहेर पडला. खाकी कपडे, बसचा ड्रायव्हर असावा.

"निघतो ग मावशी," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

मी सिस्टरकडे पाहिलं. हातातली सुई तिने डब्यात टाकली, पण नको त्या डब्यात.

"इथे मला सगळेच मावशी म्हणतात," ती म्हणाली.

"मी सकाळपासून इथे बसले आहे. सगळे तुम्हाला सिस्टर म्हणतात. आणि 'ग' तर कोणीच म्हणत नाही."

ती खुर्ची ओढून बसली. चाचणीत काम करणाऱ्यांचा कोणी नातेवाईक रुग्ण असता कामा नये, असा नियम होता. तिने त्यावर सही केली होती. ड्रायव्हर तिच्या बहिणीचा मुलगा होता. बहीण याच आजाराने गेली, नवी औषधं यायच्या आधी. पोराला हिनेच वाढवलं.

"त्याचीही सगळी औषधं हरली होती," ती म्हणाली. "नातं सांगितलं असतं तर त्याला घेतलं नसतं. पण देवाशपथ सांगते, मी गोळ्यांना हात लावलेला नाही."

खिडकीत जाऊन मी खाली पाहिलं. सकाळची तुकडी फाटकातून बाहेर पडत होती. बसथांब्याकडे एकही जण वळला नाही. सगळे मिळून मागच्या गल्लीत शिरले. मी मागे वळले, तर दारात चाचणी चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

४

डॉक्टरीणबाई उंचीला बेताच्या आणि रागाला भारी. या गोळीसाठी त्यांनी किती वर्षं घालवली ते त्यांच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवरूनच कळत होतं. त्यांनी मला त्यांच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"सापडला तुमचा चोर," त्या म्हणाल्या. "भाच्याच्या मायेपोटी तिने बाटल्या फिरवल्या. मी आत्ताच अध्यक्षांना फोन करते. तिची नोकरी जाईल, पण निदान औषधावरचा डाग पुसला जाईल."

"फोन खाली ठेवा, डॉक्टर. आधी मला एक सांगा. तिने बाटल्या फिरवल्या असत्या तर भाच्याच्या रक्तात काय दिसलं असतं?"

"भरपूर औषध."

"अध्यक्षांनी मला जे कागद दिलेत ते तुम्हाला दाखवायला मनाई आहे, म्हणून नुसतं सांगते. त्याला मुळातच खरी गोळी मिळालेली होती. आणि आता त्याच्या रक्तात असायला हवं त्याच्या निम्मं औषध आहे. भाच्याचं भलं करायला निघालेली मावशी त्याचंच औषध अर्ध्यावर आणेल का? इतकी वेंधळी चोर माझ्या सबंध नोकरीत मला भेटली नाही."

डॉक्टरीणबाईंनी फोन खाली ठेवला.

"मग औषधाच्या खिडकीतला?"

"बाटल्यांची अदलाबदल कोणीही केली असती तरी काय झालं असतं? रामाची गोळी श्यामला, श्यामची रामाला. म्हणजे काहींच्या रक्तात पुरेपूर औषध आणि काहींच्यात अजिबात नाही. फक्त माणसं बदलली असती. इथे तसं नाही. सकाळच्या तुकडीत पुरेपूर एकाच्याही रक्तात नाही आणि शून्यही एकाच्या रक्तात नाही. सगळे निम्म्यावर. याचा अर्थ बाटल्या बदललेल्या नाहीत, बाटल्यांतल्या गोळ्या एकमेकींत मिसळल्यात. खिडकीतून बाटली चिकटवलेली जाते, म्हणजे मिसळणं बाहेर गेल्यावर झालं."

"पण बाहेर सगळ्यांच्या बाटल्या कोणाच्या हाती लागतील?"

"मीही त्याच प्रश्नावर अडले होते. मग मला आमच्या शाखेतलं एक जुनं प्रकरण आठवलं. टोळीत वाटे नेहमी कमीजास्त होतात, आणि त्यावरून भांडणं झाली की आम्ही त्यांना पकडतो. एकदाच एक टोळी अशी भेटली की प्रत्येकाचा वाटा सारखा. ती सख्खी भावंडं होती." मी कागदांची घडी केली. "डॉक्टर, तुमचा चोर एक नाही. तुमची सकाळची अख्खी तुकडी चोर आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग येईल असं मला वाटलं होतं. आली ती भीती. त्या पटकन उभ्या राहिल्या.

"त्यांना थांबवायला हवं," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता. अर्धवट औषध म्हणजे विषाणूची शिकवणीच. जे औषध त्याला मारू शकत नाही, त्याला तोंड द्यायला तो शिकतो. एकदा शिकला की मग पुरी गोळी दिली तरी उपयोग नाही. त्यांनी स्वतःचं शेवटचं औषध घालवलं असेल."

५

ह्यांच्या एका पॅन्टची शिलाई केव्हाची उसवली होती. ती काखोटीला मारून मी त्याच संध्याकाळी टेलरकाकूंच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक मोठं कापायचं टेबल आणि भिंतभर लटकलेले लोकांचे अर्धे कपडे. ड्रायव्हर कोपऱ्यात स्टुलावर बसून चहा पीत होता.

"उद्या देते," काकूंनी पॅन्ट उलटीसुलटी करून पाहिली. "कोणी शिवली हो ही? धावदोऱ्यात केलंय सगळं."

टेबलावर सुयांचा डबा उघडा पडला होता. चकचकीत सुया, आणि त्यांच्यामध्ये पेरलेल्या पाच-सहा पांढऱ्या पुड्या.

"सुयांना गंज धरू नये म्हणून का?" मी विचारलं.

"हो. फार उपयोगी पडतात. फेकायच्या कशाला?" बोलता बोलता काकूंचा हात थांबला. ड्रायव्हरचा कप खाली आला.

"काकू, गोळ्या तुम्ही मन लावून मोजल्यात," मी म्हटलं. "प्रत्येकाच्या बाटलीत बरोबर तेवढ्याच परत भरल्यात. कपडे शिवणारीचा हात आहे, चुकणार नाही. पण सगळ्या बाटल्या टेबलावर ओतल्यावर पुड्या कोण मोजतो? ज्याच्या हाताला येईल तशी टाकली. कोणाच्यात दोन, कोणाच्यात एकही नाही. उरल्या त्या तुमच्या डब्यात."

काकू ताठ बसल्या.

"माझी कल्पना. बाकीच्यांचा काही संबंध नाही. मला काढा चाचणीतून."

"खोटं बोलताय, काकू," ड्रायव्हर म्हणाला. तो माझ्याकडे वळला. "मॅडम, पहिल्याच आठवड्यात मला स्वप्नं पडायला लागली. भूक लागायला लागली. मला कळलं की माझी खरी आहे. आणि काकू दर खेपेला वाळलेल्या दिसायच्या. एकदा तर बाकावरच आडव्या झाल्या. माझी आई अशीच गेली. माझ्याच्याने बघवेना. बाटली घेऊन आलो आणि म्हटलं, ही तुम्ही घ्या, तुमची मी घेतो."

"मग?"

"मग मी त्याला हाकलून दिला," काकू म्हणाल्या. "पोरवयाचं माणूस. त्याचं औषध मी खाऊ? दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी सगळ्या तुकडीला घेऊन आला. रक्त द्यायला उपाशी यावं लागतं ना, म्हणून नंतर सगळे इथेच खायला बसतात. सगळे म्हणाले, कोणाची खरी, कोणाची खोटी कशाला ठरवायचं. टेबलावर ओता आणि वाटून घ्या. त्या दिवसापासून असंच चालू आहे. बरं वाटतंय मला. सगळ्यांनाच थोडं थोडं."

मला त्या दोघांचा राग यायला हवा होता. नियम मोडणाऱ्यांचा राग करण्यातच माझा जन्म गेला. पण खरं सांगते, मला भरून आलं. शेवटच्या औषधाची बाटली हातात असताना ती दुसऱ्याच्या पुढे ओतणारी माणसं मी तोवर पाहिली नव्हती.

आणि म्हणूनच पुढचं सांगणं माझ्या जिवावर आलं. डॉक्टरीणबाई शिकवणीबद्दल जे बोलल्या ते मी जसंच्या तसं सांगितलं.

काकूंनी मशीनची कड घट्ट धरली.

"म्हणजे माझं जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मी या पोराचंही औषध फुकट घालवलं?"

६

रविवारी डॉक्टरीणबाईंनी सबंध सकाळच्या तुकडीचं रक्त स्वतःच्या हाताने काढलं. कोणाला एक शब्द रागावून बोलल्या नाहीत. विषाणू औषधाला तोंड द्यायला शिकलाय का, हे तपासायला ते रक्त मोठ्या प्रयोगशाळेत गेलं. उत्तर यायला आठवडा लागणार होता, आणि समिती तर सोमवारी बसणार होती.

बैठकीत मी सगळं सांगितलं. सदस्यांपैकी एक बडे औषधतज्ज्ञ चष्मा पुसत म्हणाले, "नियम मोडणाऱ्या रुग्णांना काढून टाका. त्यांचे आकडे कचऱ्यात जमा. आणि इतक्या घोळानंतर चाचणी पुढे चालवण्यात अर्थ नाही."

"कचऱ्यात टाका," मी म्हटलं. "मी तर तुम्हाला तेच सांगायला आले आहे. सकाळचा कागद बाजूला ठेवा आणि दुपारचा एकटा वाचा. दुपारचे विसरतात, सांडतात, पण वाटून घेत नाहीत. त्यांचा कागद कोणी स्वतंत्र वाचलाय का?"

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी कागद ओढून घेतला आणि पेन्सिलीने खुणा करायला लागले. तोवर औषधतज्ज्ञांचा चष्मा पुसून पुसून लख्ख झाला.

"खरी गोळी घेणाऱ्या एकूण एक रुग्णाच्या रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेलाय," शेवटी ते म्हणाले. "पोकळवाल्यांपैकी एकाचाही नाही. असा स्वच्छ निकाल मी आजवर पाहिलेला नाही. सकाळच्या आकड्यांनी तो झाकून टाकला होता."

"आणि सकाळच्यांनी आणखी एक गोष्ट दाखवलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "निम्म्या औषधावरही त्यांच्यातला एकही जण खालावलेला नाही."

"म्हणून त्यांना बक्षीस द्यायचं का?" औषधतज्ज्ञांनी विचारलं. "त्यांना नियम वाचून दाखवले होते ना?"

डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. "वाचून मीच दाखवले होते. गोळी विसरू नका, फेकू नका, विकू नका, सगळं सांगितलं. वाटू नका, हे सांगितलं नाही. माणूस स्वतःच्या जिवावरचं औषध वाटून टाकेल, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मला वाटतं, त्यात लाज त्यांनी वाटून घ्यायची नाही, आम्ही घ्यायची."

मतदानाला फारसा वेळ लागला नाही. इतकं चांगलं औषध हातात असताना कोणालाही पोकळ गोळी देणं अन्यायाचं ठरेल, असं समितीने लिहून दिलं. त्या दिवसापासून पोकळ गोळ्या बंद. सगळ्यांना खरी. सिस्टरला समज मिळाली आणि तिची बदली दुपारच्या तुकडीवर झाली, एवढ्यावर तिचं निभावलं. सकाळच्या तुकडीसाठी मात्र एक अट होती. ज्याच्या अंगातला विषाणू शिकलेला निघेल, त्याला गोळी देऊन उपयोग नाही, म्हणून त्याला ती मिळणार नाही.

म्हणजे औषध जिंकलं होतं आणि टेलरकाकूंचं अजून ठरायचं होतं.

७

तो आठवडा मी कसा काढला ते ह्यांना विचारा. सोमवारी माझं काम संपलं होतं, मानधन हातात पडलं होतं, तरी मी रोज दवाखान्यात जाऊन बसत होते. काकूंनी ह्यांची पॅन्ट कधीच शिवून दिली होती. मी घरातला एकेक धड कपडा उसवून नेत होते.

"बाई, हा तुम्ही मुद्दाम उसवलाय," काकू एकदा म्हणाल्या. "इथे कात्री लागलीय." आणि तरीही त्यांनी तो शिवून दिला.

उत्तर आलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तुकडीला एकदम आत बोलावलं. खुर्च्या पुरल्या नाहीत. कुलूप खिडकी उघडी टाकून आला होता, दुपारच्या तुकडीवरची सिस्टर दाराआड उभी होती.

"हे औषध अंगात बरेच दिवस टिकतं," डॉक्टरीणबाईंनी सुरुवात केली. "तुमच्या हाताला एक दिवस खरी गोळी आली, दुसऱ्या दिवशी पोकळ आली, तरी रक्तात ते कधी संपलं नाही. निम्मं राहिलं, पण राहिलं." त्यांनी अहवाल टेबलावर ठेवला. "विषाणू शिकलेला नाही. एकाच्याही अंगात नाही. तुमचं नशीब थोर आहे. पुन्हा असला उद्योग केलात तर मी तुम्हाला दारात उभं करणार नाही."

ड्रायव्हरने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. सिस्टर दाराआडून आत आली, सगळ्यांच्या देखत त्याला जवळ घेतलं आणि "वेड्या, वेड्या" म्हणत त्याच्या पाठीवर धपाटे घालत राहिली. मीही रडले. कुलूप रडला नाही असं तो सांगतो, पण त्याचा रुमाल माझ्याकडे आहे आणि तो ओला होता.

त्यानंतर पाऊस सरला, थंडी आली. काकूंच्या गालांवर मांस आलं, इतकं की स्वतःचे ब्लाउज त्यांना स्वतःलाच सैल करावे लागले आणि त्यावरून त्या स्वतःवरच वैतागल्या. पुरी गोळी सुरू झाल्यावरची पहिली मोठी तपासणी झाली, त्या दिवशी त्यांनी मला सोबत बोलावलं. एकटीला जायला पाय उचलत नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी अहवाल वाचला आणि काकूंकडे पाहून हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"सापडला नाही," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"विषाणू. रक्तात शोधूनही सापडला नाही."

शंका काढावी तसं काकूंनी विचारलं, "म्हणजे गेला?"

"गेला नाही. कुठेतरी दडून बसलाय. पण गोळी रोज घेत राहिलात तर डोकं वर काढणार नाही, आणि तुम्ही म्हाताऱ्या व्हाल."

"म्हातारी," काकूंनी तो शब्द नव्याने शिकल्यासारखा उच्चारला. नवी बाटली त्यांनी हातात घेतली, उजेडात धरून पाहिली आणि झाकणाखालचा कागद तिथेच, आमच्या दोघींच्या समोर, नखाने टरकन फाडला. टेबलावरच्या तांब्यातलं पाणी ओतून घेतलं. एक गोळी तळहातावर आली.

"ही माझी," त्या म्हणाल्या, आणि गिळून टाकली.